शेवटचं दिसलेलं ठिकाण

१

रोमेड आउअर सापडला तेव्हा त्याच्या छातीवरचा बीपर बंद होता.

ओबरतालमध्ये ही बातमी तो गेल्याच्या बातमीच्या आधी पोचली. डोंगरात माणूस जाणं या खोऱ्याला नवं नाही. चर्चच्या मागच्या भिंतीवर तशा नावांना आता जागा शोधावी लागते. पण रोमेड? ज्याने बारा वर्षं गावातल्या पोरापोरींकडून ‘आधी बीपर, मग टोपी’ हे पाढ्यासारखं घोकून घेतलं, तो रोमेड बीपर चालू न करता गाइसकारच्या उतारावर गेला? बेकरीत पाव घेता घेता लोक माना हलवत होते. मग सुटे पैसे मोजून घरी जात होते.

डोंगर पोलिसातली आफ्रा लाइटनर त्याला शोधणाऱ्यांच्या रांगेत होती. मंगळवारी साडेबाराला गावचा भोंगा वाजला आणि तासाभरात तीस माणसं गाइसकारच्या पायथ्याशी पोचली. बीपर म्हणजे साबणाच्या वडीएवढं यंत्र, छातीला पट्ट्याने बांधायचं. त्याला एका वेळी एकच काम येतं: आपली खूण पाठवायची, नाहीतर दुसऱ्याची ऐकायची. चालताना सगळे पाठवण्यावर ठेवतात. कुणी गाडलं गेलं की वरचे लोक आपापली यंत्रं ऐकण्यावर लावतात आणि आवाजाच्या मागाने जातात. त्या दिवशी तीस यंत्रं ऐकत होती आणि बर्फातून काहीच येत नव्हतं.

मग सळया काढल्या. खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, टोचायचं, एक पाऊल पुढे, पुन्हा टोचायचं. रांग लोइसने लावली. लोइस ग्स्ट्राइन हा हॉटेलवाला, आणि वीस वर्षं गावच्या हिमलोट समितीचा प्रमुख. लोट केवढा पसरलेला, फुटबॉलची दोन मैदानं सहज मावली असती. लोइसने लाल झेंडी रोवली ती डावीकडच्या खडकाखाली आणि म्हणाला, “इथून सुरू करा.” पाचव्या पावलाला एकाची सळई अडली.

“लोइसच्या नाकाला बर्फ कळतं,” शेजारचा पुटपुटला.

खणणाऱ्यांत तरुण वाटाड्या कासियान सर्वांत पुढे होता. चेहरा मोकळा झाला, छाती मोकळी झाली, आणि त्याच वेळी आफ्राच्या हातातलं यंत्र एकदाच ‘पीप’ म्हणून गप्प झालं. शेजारच्याचंही. लोइस होता तिथेच मटकन खाली बसला. आफ्राला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. खरं तर तिला कशाचंच काही वाटलं नाही. रोमेडने तिला स्कीवर उभं राहायला शिकवलं होतं, ती सात वर्षांची असताना. आणि आता ती त्याच्या पापण्यांवरचं बर्फ हातमोज्याने झटकत होती, खिडकीची काच पुसावी तशी. घरी जाऊन तिने सूप गरम केलं, प्यायली, भांडं घासलं. रडू येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही.

बुधवारी सकाळी खालच्या शहरातून साहेबांचा फोन आला. यंत्र बंद, एकटा गेलेला, हिमलोटाच्या धोक्याचा आकडा पाचात चार. स्वतःचा हलगर्जीपणा असं लिही आणि शुक्रवारपर्यंत कागद पाठव.

फोन ठेवला तर दारात रोमेडची बायको मेना उभी होती. तिने बाहेरचे बूटही झटकले नव्हते.

“लिहून घे,” ती म्हणाली. “मी मारलंय त्याला.”

२

आफ्राने तिला खुर्ची दिली. मेना बसली नाही.

“आमच्या दाराशी खुंटीला दुसरा बीपर असतो, तुला माहीत आहे. तो निघाला की मी तो ऐकण्यावर लावते. तो समोरून जातो, माझ्या हातात आवाज येतो, मी म्हणते ‘चालू’. मग जातो. नऊ वर्षं. लेनी झाली त्या आठवड्यातसुद्धा मी पलंगावरून म्हटलंय.”

“आणि मंगळवारी?”

“मंगळवारी त्याची सुट्टी होती. म्हणाला, समितीचं काम आहे, वर खड्डा खणून बर्फाचे थर बघायचेत. म्हटलं, समिती तुला काय मेडल देणार आहे? रात्रभर मी बोलले नाही. सकाळी दाराशी उभा राहून त्याने हाक मारली, ‘मेना, ऐकतेस का?’ मी दुलई डोक्यावरून घेतली. थांबला होता, आफ्रा. दोन मिनिटं तरी थांबला होता.”

तिचा आवाज दूधवाल्याला हिशेब सांगावा तसा सपाट होता. आफ्राला वाटलं, हिला जवळ घ्यावं. पण हात टेबलावर होते ते टेबलावरच राहिले.

“मी उठले असते तर कळलं असतं ना, बंद आहे ते?”

“मेना, तो बीपर घालायला विसरणारा माणूस नव्हता.”

“घातलाच होता की. बंद घातला होता. गाव काय म्हणतंय ते मला ऐकू येतं.” मेनाने खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. “हे त्याच्या जाकिटात होतं. काय करायचं ते कर.”

पुडीत साखरेचे चार चौकोनी खडे होते. वरच्या कागदावर डोंगरातल्या विश्रामघराचा शिक्का, सेवेरिनच्या.

“हा साखर कुठे खायचा?” मेना म्हणाली. “चहात घातली तर ओतून द्यायचा.” दाराशी जाऊन ती वळली. “एवढंच सांग मला. ते घरून निघतानाच बंद होतं, की नंतर झालं? दुसरं काही नको.”

ती गेली आणि आफ्राने साहेबांचा अर्धा लिहिलेला कागद उलटा करून ठेवला. यंत्र नंतर बंद झालं असेल तर एका माणसाचा हात त्याला लागला होता, हे तीस जणांनी पाहिलं होतं. आणि त्या माणसाचं रोमेडशी सोमवारीच जोरदार भांडण झालेलं होतं.

३

कासियान सव्वीस वर्षांचा होता, अंगाने दांडगा आणि तोंडाने त्याहून. तो स्कीच्या दुकानामागे मेण लावत बसला होता.

“ये,” तो म्हणाला. “अख्खं गाव माझ्याकडे बघतंय, तूच तेवढी राहिली होतीस.”

“सोमवारी काय झालं?”

“त्याने माझी तक्रार केली समितीकडे. मी तीन पाहुण्यांना बंद पाटीच्या पलीकडे नेलं होतं. सगळ्यांसमोर म्हणाला, तुला माणसं वर न्यायची अक्कल नाही, बकऱ्या ने. मी म्हटलं, म्हातारा झालास, शाळा चालव.” त्याने मेणाची वडी खाली ठेवली. “बरोबर बोलत होता तो. आता कुणाला सांगू?”

“त्याच्या बीपरला हात तू लावलास.”

“लावला. नियम आहे. माणूस सापडला की त्याचं यंत्र आधी बंद करायचं, नाहीतर बाकीच्यांना शोधताना गोंधळ होतो. रोमेडनेच शिकवलंय.”

“पण त्याचं यंत्र बोलतच नव्हतं, कासियान. मग बंद काय केलंस?”

हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलेलाच नव्हता.

“सवयीने,” तो शेवटी म्हणाला. “बघितलंसुद्धा नाही. अंगठा घातला आणि खटका खाली ओढला.”

“ओढला? म्हणजे हलला?”

“हलला की. खट खट.”

“एकदा की दोनदा?”

“दोनदा. हातमोजा जाड होता, पहिल्याला अडला म्हणून पुन्हा ओढला.” त्याने अंगठ्याने हवेत पुन्हा ओढून पाहिलं. “आधीच बंद होतं तर हलला कसा?”

आफ्रा चौकीवर परत आली. रोमेडचं यंत्र कपाटात होतं. गावात सगळ्यांनी नवी घेतली होती. नवं यंत्र माणूस बराच वेळ हलला नाही तर आपण होऊन पाठवायला लागतं. रोमेडचं जुनं, बाजूला खटक्याचं. खटका सर्वांत खाली असला की बंद. मधे, की पाठवतं. सर्वांत वर, की ऐकतं.

तिने आपला बीपर ऐकण्यावर लावून टेबलावर ठेवला. रोमेडचा खटका तळाशी नेला आणि खाली ओढून पाहिला. हलायला जागाच नव्हती. मधे नेऊन ओढला: एक खटका. मग अगदी वर नेला आणि कासियानने ओढला तसा ओढला.

खट. टेबलावरचं यंत्र ‘पीप’ म्हणालं. खट. गप्प.

तोच एकटा पीप. मंगळवारी बर्फात उभं राहून तिने ऐकलेला, आणि तीस जणांनी ऐकलेला. बॅटरी चांगली होती, यंत्र चालू होतं. पाठवत नव्हतं एवढंच, कारण रोमेडने ते स्वतःच्या हाताने ऐकण्यावर लावलं होतं.

एकटा डोंगरात गेलेला माणूस कुणाला ऐकत होता?

४

गुरुवारी ती चढावर घसरू नये म्हणून स्कीला कातडी पट्टे लावून सेवेरिनच्या विश्रामघरापर्यंत चढली. वाट झाडीतून, सुरक्षित. तरी मोकळ्या पट्ट्यावर तिच्या पायाखाली एकदा बर्फ ‘हुं’ करून बसलं. असं कण्हणारं बर्फ म्हणजे खालचा थर साखरेसारखा भुसभुशीत झालेला असतो, आणि वाऱ्याने वर आणून टाकलेली जड लादी त्यावर नुसती टेकून असते. ती फुटायला स्कीची दोन वळणं पुरतात. आफ्रा झाडीच्या कडेला सरकली आणि पुढे गेली. भीती वाटायला हवी होती, असं नंतर तिच्या मनात आलं.

सेवेरिन सत्तरीचा. त्याने विचारण्याआधीच क्नोडलचं सूप पुढे ठेवलं, दोन मोठे गोळे घालून.

“खा. तोंड बघ तुझं, चुना लावल्यासारखं.”

“मंगळवारचं सांग.”

“आठ वाजता आला. एकटा. चहा प्याला बिनसाखरेचा, औषध पितात तसा. थर्मास भरून घेतला. म्हणाला, डोंगराच्या वरच्या खांद्यावर खड्डा खणतो, बारापर्यंत जेवायला येतो, गोळे जास्त कर. मी केले. बारा वाजले, सव्वाबारा वाजले. ढग उठला तसा दुर्बिणीतून बघतो तर गाइसकार वरपासून खालपर्यंत फाटलेला. मग फोन केला.”

“साखर मागितली त्याने?”

सेवेरिनने भुवया चढवल्या. “मागितली खरी. मी चिडवलं, म्हटलं काय रे, पोटुशी आहेस का? हसला. म्हणाला, कुणाकुणाला गोड लागतं.”

“कुणाला ते?”

“मी काय त्याची सासू आहे विचारायला?”

“ढगात काही दिसलं नाही, पण ऐकू आलं असेल.”

“आलं. नऊ वाजून दहा मिनिटांनी गडगडलं. रेडिओवर बातम्या संपत होत्या. मला वाटलं पलीकडच्या लिफ्टवाल्यांनी सुरुंग लावला. मग हवामान झालं, दोन गाणी झाली आणि दुसऱ्यांदा गडगडलं, जास्त मोठं. म्हटलं दोन सुरुंग लावले.”

आफ्राने चमचा खाली ठेवला. “दोनदा? मधे किती वेळ?”

“दहा मिनिटं. बारा धर.”

लिफ्टवाल्यांनी त्या दिवशी सुरुंग लावलाच नव्हता. ढगात कुणी लावत नाही. लोट दोन होते. पहिल्यात कुणीतरी वाहून गेलं. रोमेडने खटका वर केला आणि शोधायला खाली उतरला. डोक्यावर अर्धा उतार अजून टांगलेला होता हे त्याला दिसत असणार, त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. तरी उतरला. मग तो अर्धाही आला.

पण मंगळवारपासून खोऱ्यातून दुसरं कुणीही बेपत्ता नव्हतं.

“सेवेरिन,” आफ्रा म्हणाली, “तो ज्याला शोधत होता तो माणूस चालत घरी गेला.”

म्हाताऱ्याने तिचं थंड झालेलं सूप उचललं आणि पुन्हा चुलीवर ठेवलं.

५

खाली येऊन ती आधी मेनाकडे गेली. सगळं सांगण्यासारखं अजून नव्हतं. निम्मं सांगण्यासारखं होतं.

“घरून निघताना चालू होतं,” तिने दारातच सांगितलं. “वर गेल्यावर त्याने ते ऐकण्यावर लावलं. तू उठली असतीस तरी ‘चालू’च म्हणाली असतीस.”

मेनाने भिंतीला हात टेकला.

“कुणासाठी लावलं?”

“ते मला अजून माहीत नाही.”

मेना आत गेली. स्वयंपाकघराच्या टेबलावर रोमेडच्या हातचे कागद पडले होते, शनिवारच्या मुलांच्या वर्गासाठी तयार केलेले. चौदा प्रती, खाली लेनीने रंगवलेले ससे.

“शनिवारी मुलं येणार आहेत,” मेना म्हणाली. “त्यांना नको म्हणून कसं कळवायचं तेच सुचत नाही. वाच की, चांगलं लिहिलंय.”

आफ्राने वाचलं. सकाळी बातमीपत्रातला धोक्याचा आकडा बघा. उतारावर एकेकाने जा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावरून नजर काढू नका. लोट आला तर तो शेवटचा कुठे दिसला ते ठिकाण डोक्यात खिळा मारल्यासारखं पक्कं करा. बीपर गप्प राहिला तरी थांबू नका. शेवटचं दिसलेलं ठिकाण सळईने टोचून बघा. कुणीच पाहिलं नसेल तर मात्र लोटाच्या तोंडाशी, जिथे ढीग सर्वांत जाड, तिथून सुरुवात करा.

तिने शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचल्या.

दहा वर्षांपूर्वी समितीच्या शिबिरात हेच तिला शिकवलं होतं. रोमेडने नाही. लोइसने. ‘कुणी पाहिलं नाही? तोंडापासून. पाहिलं? तिथून.’ खडू फळ्यावर आपटत सांगायचा.

मंगळवारी कुणीच काही पाहिलेलं नव्हतं. ढिगाचं तोंड खाली उजवीकडे होतं, माणसाच्या उंचीच्या दुप्पट. आणि लोइसने झेंडी रोवली ती वर, डावीकडच्या खडकाखाली.

“काय झालं?” मेनाने विचारलं.

“काही नाही,” आफ्रा म्हणाली. “एक कागद मी नेते.”

६

लोइसचं हॉटेल भरलेलं होतं. तो मागच्या खोलीत एकटाच बसला होता, घरात असून लोकरी टोपी कानांखाली ओढून. त्याने दोघांसाठी चहा मागवला आणि आपल्या कपात साखरेचा एक खडा टाकला, मग दुसरा, तिसरा, चौथा. आफ्राने चारही मोजले.

“कागद झाला का?” त्याने विचारलं.

“एक गोष्ट अडली आहे. झेंडी तू खडकाखाली का रोवलीस?”

“चाळीस वर्षं या डोंगरात काढलीत मी. अंदाज असतो.”

“तुझा अंदाज मी शिकले आहे, लोइस. कुणी पाहिलं नसेल तर ढिगाच्या तोंडापासून. पाहिलं असेल तर तिथून.” तिने रोमेडचा कागद त्याच्यापुढे सरकवला. “मंगळवारी तू शेवटच्या दिसलेल्या ठिकाणापासून सुरुवात केलीस. सवयीने. तुझ्याशिवाय कुणी तसं केलं नसतं, आणि तुझ्याशिवाय कुणाला ते ठिकाण माहीतही नव्हतं.”

लोइसने टोपी आणखी खाली ओढली.

“टोपी काढ,” आफ्रा म्हणाली.

त्याने काढली. डावा कान सोलून निघाला होता आणि गालापर्यंत काळीनिळी सूज होती.

“मी जंगलाच्या बाजूने चढलो होतो,” तो बोलू लागला. तिला आणखी काही विचारावं लागलं नाही. “पाटी मीच लावलेली. पण शनिवारपासून सत्तर पाहुणे येणार, गाइसकार उघडा हवा होता. रोमेड म्हणाला, वर ये, खड्ड्यात स्वतःच्या डोळ्यांनी बघ. खांद्यावर भेटलो. त्याने खणलं, कडेच्या बर्फावर फावडं ठेवून त्यावर चापट्या मारल्या, तिसऱ्या चापटीला लादी सरकली. म्हणाला, बघितलंस? मी म्हटलं, हातभर बर्फावरून अख्खा डोंगर बंद ठेवतोस काय? दोन वळणं घेऊन दाखवतो. तो म्हणाला, ‘लोइस, नको.’ एवढंच म्हणाला.”

“आणि तू गेलास.”

“दुसऱ्या वळणाला फाटलं. खाली थांबलो तेव्हा छातीपर्यंत रुतलेलो, हात अडकलेले. ओरडायला दम नव्हता. ढगातून तो येताना दिसला. खडकाखाली होता, हातात बीपर धरलेला. माझ्यापासून वीस पावलं. मग वरून दुसरा आला. डोळ्यांसमोर सगळं पांढरं झालं. निवळलं तर तो नव्हता.”

“मग?”

“अर्ध्या तासात सुटलो. बीपर ऐकण्यावर लावला आणि शोधलं. वीस मिनिटं, आफ्रा, खालीवर. काहीच नाही. गप्प. मग मला वाटलं, खाली कुणी नाही. कडेने झाडीत निसटला असेल, रागावून घरी गेला असेल. आपण असंच शिकतो ना, आवाज नाही म्हणजे माणूस नाही. खाली येऊन गरम पाण्याने आंघोळ केली. दुपारी त्याच्याकडे जाऊन माफी मागायची ठरवत होतो. भोंगा वाजला तेव्हा बूट बांधत होतो. आणि बांधता बांधता कळलं.”

“की तो तुला ऐकत होता.”

“म्हणून त्याचं ऐकू येत नव्हतं.” लोइसने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. “सळई पाठीवर होती. शेवटचा कुठे दिसला ते माहीत होतं. हे,” त्याने कागदावरच्या ओळीवर बोट टेकवलं, “हे मी शिकवतो. आणि सळई काढलीच नाही.”

डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोमेडच्या तोंडापुढे बर्फाचं पातळ कवच जमलं होतं. म्हणजे तो काही वेळ श्वास घेत होता. किती वेळ, ते सांगता येत नाही. लोइस सुटला तेव्हा कदाचित आधीच उशीर झाला असेल. आफ्राने हे त्याला सांगितलं नाही. उलट बाजूही सांगितली नाही. तिच्या छातीत काहीतरी हललं होतं, आणि तो राग होता, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा काही वाटलं म्हणून तिला जवळजवळ बरं वाटलं.

“भोंगा झाल्यावर का बोलला नाहीस?”

“तीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हटलं, आधी काढू त्याला, मग बोलू. मग कासियानचा अंगठा लागला आणि सगळ्यांची यंत्रं एकदम बोलली. त्यानंतर गाव म्हणू लागलं, रोमेड विसरला. आणि मी म्हणू दिलं.” त्याने टोपी पुन्हा घातली नाही. “काय लिहिणार आहेस?”

“झालं ते. कोर्टात काय व्हायचं ते होईल. पण उठ, आधी मेनाकडे जायचंय. तिला दोन दिवस वाटत होतं की तिने मारलं.”

७

मेनाने दोघांना आत घेतलं नाही. लोइस दाराबाहेर बर्फात उभा राहून सगळं बोलला. तिने मधे एकदाच विचारलं.

“तू त्याला दिसलास का?”

“मला माहीत नाही,” लोइस म्हणाला. “माझ्याच दिशेला येत होता.”

मेनाने मान हलवली, दुकानातली वस्तू संपली असं कुणी सांगितल्यासारखी. आफ्राला वाटलं, आता ती दार लावेल. तिने लावलं नाही.

“परवा चौदा मुलं येतील,” ती म्हणाली. “शिकवायला कुणी नाही. तू ये.”

“मेना, मला जमणार—”

“त्याचा कागद आहे. वाचून दाखव. आणि चौथ्या ओळीशी आलास की तू काय केलं नाहीस ते त्यांना सांग. तुझ्या तोंडाने. गावात तेवढं पोचलं की पुरे.”

शनिवारी लख्ख ऊन पडलं होतं. गाइसकारच्या वाटेवर बंद पाटी तशीच होती. या वेळी ती कासियानने लावली होती. मुलं शाळेमागच्या सपाट मैदानावर जमली, त्यांच्यामागे आईबाप, आणि त्यांच्यामागे बेकरीत माना हलवणारे सगळे. सेवेरिन पहाटेच खाली उतरून आला होता. लोइसची टोपी हातात होती. त्याने कागद वाचला. चौथ्या ओळीशी थांबला, आणि मग सांगितलं, काहीही न वगळता. आफ्रा मागे उभी होती. रोमेडचं नाव तिसऱ्यांदा आलं तेव्हा तिच्या गालावरून काहीतरी ओघळलं. थंडीने पाणी येतंय असं तिला आधी वाटलं.

मग मुलांना झाडीतल्या वाटेवर न्यायचं होतं. फाटकाशी मेना उभी राहिली, दाराजवळच्या खुंटीवरचा बीपर हातात घेऊन. एकेकाने पुढून जायचं. ‘पीप.’ “चालू,” ती म्हणायची. पुढचा. ‘पीप.’ “चालू.” लेनी गेली. चौदाही गेली. कासियान गेला, आफ्रा गेली.

शेवटी लोइस राहिला. तो फाटकाच्या अलीकडे थांबला होता, पुढे येत नव्हता. मेनाने यंत्र धरलेला हात खाली केला नाही. तो आला. तिच्या समोर उभा राहिला, आणि तिने खाली मान घालून नीट ऐकलं, इतर सगळ्यांपेक्षा जास्त वेळ.

“चालू आहे,” मेना म्हणाली. “जा.”